सिग्नलवर पहारा देणाऱ्यावर कोणाचा पहारा?

चौकात हिरवा दिवा लागला की आपण ब्रेकवरचा पाय काढतो आणि निघतो. आडव्या रस्त्याचा दिवा लाल आहे ना, हे बघायला थांबत नाही. तो आपल्याला बहुतेक वेळा दिसतही नाही. आपल्याला हिरवा म्हणजे त्यांना लालच असणार, हा विश्वास असतो. पण यंत्र बिघडून दोन्हीकडे एकदम हिरवा लागला तर?

सिग्नलचा बिघाड सिग्नलइतकाच जुना आहे. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये गॅसच्या दिव्यांचा पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. महिनाभरातच गॅसगळतीमुळे त्याचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला.

आज हे काम चौकाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटातला कंट्रोलर करतो. कोणता दिवा कधी लावायचा, हे हा छोटा संगणक ठरवतो आणि इलेक्ट्रॉनिक स्विच त्याप्रमाणे दिव्यांना वीज देतात. कंट्रोलरचा प्रोग्रॅम अचूक असला तरी एखादा स्विच शॉर्ट होऊ शकतो, दुरुस्तीत दोन तारा अदलाबदल होऊ शकतात, पावसाळ्यात ओल शिरू शकते. अशा वेळी कंट्रोलरच्या हिशेबी दिवा बंद झालेला असतो आणि चौकात तो जळतच असतो.

म्हणूनच अमेरिकेत सिग्नलच्या कपाटात आणखी एक स्वतंत्र यंत्र बसवतात. त्याला ‘कॉन्फ्लिक्ट मॉनिटर’ म्हणतात. कंट्रोलरने काय हुकूम दिला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दिव्यांकडे जाणाऱ्या तारांमध्ये प्रत्यक्ष किती व्होल्ट आहेत, तेवढेच ते मोजत राहते. एकमेकांना आडव्या जाणाऱ्या दोन दिशांना एकाच वेळी जायची परवानगी मिळालेली दिसली, की ते कंट्रोलरला बाजूला सारते आणि सगळा चौक चमकत्या दिव्यांवर टाकते. तेथील ‘नेमा’ मानकानुसार ०.२ सेकंदापेक्षा कमी काळाची चूक त्याने सोडून द्यायची असते, पण ती ०.४५ सेकंदापेक्षा जास्त टिकली तर कारवाई करायलाच हवी. नवे मॉनिटर याशिवाय एखाद्या दिशेचे सगळेच दिवे गेले आहेत का, पिवळा दिवा २.७ सेकंदांच्या आत तर संपत नाही ना, यावरही लक्ष ठेवतात.

आता खरा प्रश्न. हा पहारेकरी वर्षानुवर्षे गप्प बसलेला असतो, कारण सहसा काही बिघडत नाही. मग तो जागा आहे की केव्हाच बंद पडला आहे, हे बाहेरून कसे कळणार?

उत्तर सोपे आहे : मुद्दाम खोटा बिघाड करून बघायचा. मॉनिटर कपाटातून काढून तपासणी यंत्राला जोडतात आणि त्याच्या जागी तोवर दुसरा, तपासलेला मॉनिटर लावतात. एका मॉनिटरला १६ मार्गिका असतील, तर त्यांच्या १२० जोड्या होतात. कोणत्या जोडीला एकत्र हिरवा चालतो आणि कोणत्या जोडीला नाही, हे प्रत्येक चौकासाठी वेगळे असते आणि मॉनिटरमधल्या एका कार्डावर ठरवलेले असते. कार्ड चुकीचे असेल, तर मॉनिटर ठणठणीत असूनही टकरीला मूक संमती देईल. म्हणून तपासणी यंत्र १२० जोड्यांपैकी प्रत्येक जोडी ‘पेटवून’ बघते. कमीजास्त व्होल्टेज देते, क्षणाचे अंतर मोजते आणि शेवटी अहवाल छापून देते. हेच काम माणसाने हाताने केले, तर साठाव्या जोडीला कंटाळा येतो आणि एखादी जोडी राहून जाते. यंत्राला कंटाळा नसतो. अनेक ठिकाणी ही तपासणी वर्षातून एकदा तरी केली जाते.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. मॉनिटर वीज मोजतो, उजेड नाही. तारेत व्होल्टेज आहे, पण सिग्नलचे तोंड वाऱ्याने फिरले आहे किंवा झाडाच्या फांदीआड गेले आहे, हे त्याला दिसत नाही. तिथे माणसाचेच डोळे लागतात. असा सिग्नल दिसला, तर वाहतूक पोलिसांना कळवणे एवढे तरी आपण करू शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भर दिवसा चौकातले दिवे नुसते चमकताना दिसले, की आपण चिडून हॉर्न वाजवतो. रात्री वाहतूक कमी असते तेव्हा पिवळा मुद्दाम चमकता ठेवतात, हे खरे. पण दिवसा तसे दिसले तर बिघाड असू शकतो आणि चौक तुमच्या भरवशावर सोडलेला असतो. चमकता लाल म्हणजे थांबा, दोन्हीकडे बघा, मगच निघा. चमकता पिवळा म्हणजे वेग कमी करून जपून जा. ‘हिरवा आहे’ असे खोटे सांगण्यापेक्षा ‘मला माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारा सिग्नल केव्हाही बरा.