७३४ कोटी भागिले आपण

७३४ कोटी! मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापुढे हा आकडा उभा राहिला. आणि कशासाठी? फक्त भूसंपादनासाठी. त्यात टर्मिनल नाही, डांबराचं एक घमेलंही नाही. नुसती जमीन!

चला, मोजू या. पाचशेच्या नोटा केल्या तर होतात १ कोटी ४६ लाख ८० हजार. सेकंदाला एक या वेगाने, दिवसरात्र, डोळ्याला डोळा न लावता मोजल्या तरी १७० दिवस लागतात. अधिक महिना नसेल, तर पाडव्याला मोजायला बसलेला माणूस गणपती येऊन गेल्यावर पितृपक्षात उठेल! याच नोटा टोकाला टोक लावून रस्त्यावर मांडा. मुंबई-पुणे सात वेळा जाऊन-येऊन झालं तरी गठ्ठा संपत नाही; आठव्यांदा निघून लोणावळाही मागे पडतं.

एवढा पैसा ओतून धावपट्टी वाढणार किती? ९,३०० फुटांवरून १२,००० फूट. म्हणजे २,७०० फूट. चोवीस डब्यांची रेल्वेगाडी उभी करा, मागे आणखी अकरा डबे जोडा, झालं!

पण जमीन मात्र लागते सुमारे १३९ एकर. तिच्यावर एक इंच पाऊस पडला तर ते पाणी साठवायला २५ फूट रुंद, ४० फूट खोल अशा पंचवीस विहिरी काठोकाठ भरूनही पाणी उरतं. टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यात ही तुलना मला फार आतून लागते.

आता खरी ओढाताण. जमीन राज्याने द्यायची, मोफत आणि बोजाविरहित; धावपट्टी विमानतळ प्राधिकरणाने बांधायची, असा दंडक. त्यामुळे वर्षानुवर्षं एकच सवाल: पैसे कुणी भरायचे? मग २०११ च्या जनगणनेने वाटून बघू. सगळ्या देशाने भरले, तर माणशी ६ रुपये. कटिंग चहासुद्धा येत नाही. महाराष्ट्राने भरले, तर माणशी ६५. आणि एकट्या आपल्या जिल्ह्यावर टाकले, तर? माणशी जवळपास २,०००! तान्ह्या बाळासकट! पाच माणसांच्या घराला दहा हजार! आकडा तोच, पण दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून चिकलठाण्याला येईपर्यंत ६ चे २,००० झाले. म्हणून तर माझं ठाम मत आहे की हे ओझं जिल्ह्याच्या डोक्यावर कधीच नको.

थांबा, खरा धक्का पुढेच आहे. २००९ मध्ये राज्याने नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. किंमत ६३ कोटी. चिकलठाण्याच्या नुसत्या जमिनीची तरतूद त्याच्या साडेअकरा पटींहून जास्त! मधे चौदा वर्षं गेली, रुपया स्वस्त झाला, हे मान्य. तरीही भागाकार करून बघाच. ६३ कोटींना पाच विमानतळांनी भागा, मग ९५ वर्षांनी. एका विमानतळाचं वर्षाचं भाडं येतं सुमारे १३ लाख २६ हजार.

आता ७३४ कोटींना १३९ एकरांनी भागा. एकरी सव्वापाच कोटींच्या वर! एकराचे गुंठे चाळीस. एका गुंठ्याला किती?

१३ लाख २० हजार.

अख्खा विमानतळ, धावपट्टीसकट, वर्षभर. आणि इथे, एक गुंठा!