सावली पळते, मूल मागे धावते

दिवे गेले की भिंतीवर हरिण, पक्षी उमटवायचा खेळ घरोघर रंगतो. त्यात तीन-चार वर्षांचं मूल काय करतं, ते नीट पाहावं. हात बॅटरीजवळ नेला की पंजा राक्षसाएवढा होतो, कडा पुसट होतात. भिंतीजवळ नेला की पंजा लहान आणि रेखीव! मूल पुन्हा पुन्हा हात मागेपुढे करतं. हा प्रयोग त्याला कुणीही शिकवलेला नसतो.

सावली म्हणजे अडलेला प्रकाश, हे मात्र इतक्यात उमगत नाही. १९२०च्या दशकात स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांना सावलीबद्दल विचारलं. लहानग्यांना ती वस्तूतून निघणारी किंवा रात्रीकडून येणारी चीज वाटत होती. केवढा सुंदर तर्क!

सावलीचा असाच शोध घेत इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांत मुलं प्रकाशमेज, आरसे, प्रोजेक्टर मनसोक्त हाताळतात.

आपल्याकडे अंगण आणि खडू पुरतो. सकाळी मुलाची सावली फरशीवर गिरवावी, दुपारी त्याला तिथेच उभं करावं. ‘माझी सावली कुठे गेली?’ हा प्रश्न येतोच; लगेच उत्तर देऊ नये. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो, तेव्हा भर दुपारी उभ्या डब्याची सावली बुडाखाली दडते. जुलैतही तो येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा ढगाळ असतं.