कार्ताहेनाचा तट आणि फळांची पाटी

आज आपण एका दूरच्या बंदराची सफर करू या. दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया देश आहे. त्याच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कार्ताहेना हे जुनं शहर वसलं आहे. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानं १५३३ मध्ये ते वसवलं. त्याआधी तिथे मूळ रहिवाशांचं कालामारी नावाचं गाव होतं.

सोनं-चांदी स्पेनला नेणारी जहाजं या बंदरात थांबत. जिथे धन, तिथे लुटारूंचा डोळा! १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकनं शहर ताब्यात घेतलं आणि भलीमोठी खंडणी वसूल करूनच ते सोडलं. त्यानंतर स्पेननं शहराभोवती दगडी तट बांधायला घेतला. हे काम थोडंथोडकं नाही, दोनशे वर्षं चाललं. आजही या तटावरून संध्याकाळी फिरता येतं. एका बाजूला समुद्र दिसतो, तर दुसऱ्या बाजूला लाकडी सज्ज्यांची रंगीत घरं.

जवळच्या टेकडीवर सान फेलिपे किल्ला आहे. १७४१ मध्ये इंग्रज सेनानी व्हर्ननचं प्रचंड आरमार इथे चालून आलं. शहराच्या बचावाची धुरा होती ब्लास दे लेसो यांच्याकडे. त्यांचा एक पाय, एक डोळा आणि एका हाताची ताकद आधीच्या लढायांत गेली होती. तरी इंग्रजांना हात हलवत परतावं लागलं. तापाच्या साथीनंही त्यांचे सैनिक पटापट मेले. गंमत म्हणजे, विजयाची पदकं इंग्लंडमध्ये आधीच पाडून झाली होती!

पण मैत्रिणींनो, तटाचे दगड वाहिले कुणी? आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. स्पॅनिश अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं हे मोठं बंदर होतं. घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत गेलं की जो चौक लागतो, तिथे एके काळी माणसांचा बाजार भरायचा. पेद्रो क्लाव्हेर हे धर्मगुरू नुकत्याच आलेल्या जहाजांवर पाणी, अन्न आणि औषध घेऊन जात. सोबत आफ्रिकी दुभाषे असत. क्लाव्हेर यांच्या नावाचं चर्च शहरात आहे. त्या दुभाष्यांची नावं मात्र फारशी कुणाला माहीत नसतात.

काही गुलाम पळाले. बेंकोस बिओओ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी रानात वस्ती उभारली. त्यांना १६२१ मध्ये फाशी दिलं गेलं, पण पळून गेलेल्यांच्या वस्त्या संपल्या नाहीत. त्यांतलंच सान बासिलिओ दे पालेंके हे गाव कार्ताहेनापासून साधारण ५० किलोमीटरवर आजही नांदतं आहे. तिथली बोली स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मेळातून घडली आहे. गावकरी सांगतात, पळून जायच्या वाटा बायका केसांच्या वेण्यांत गुंफत. लिहिता येत नव्हतं, कागदही नव्हता. नकाशा डोक्यावरच!

याच गावच्या बायका पिढ्यान् पिढ्या डोक्यावर फळांची पाटी घेऊन शहरात विकायला येतात. त्यांना पालेंकेरा म्हणतात. पाटीत काय असतं? अननस, पपई, कलिंगड, आंबा. यातलं अननस आणि पपई अमेरिकेतून आपल्याकडे आली. आंबा मात्र आपल्याकडून तिकडे गेला. म्हणजे त्यांची पाटी आपल्याला काही परकी नाही.

आता पर्यटक वाढले. पालेंकेरांचं चित्र मग्जवर, पिशव्यांवर, जाहिरातींवर दिसतं. रंगीत झगा घालून फोटोसाठी उभं राहणं हाही त्यांचा रोजगार झाला आहे. म्हणून तिथे जाणाऱ्या प्रत्येकीनं एवढं पाळावं: आधी विचारावं, पैसे ठरवावेत, मगच फोटो काढावा. जमलं तर फळंही विकत घ्यावीत. उन्हात उभं राहणं हे कामच आहे, आणि कामाचा मोबदला द्यायचाच असतो.

१९८४ मध्ये युनेस्कोनं कार्ताहेनाच्या तटाला आणि वास्तूंना जागतिक वारसा मानलं. २००५ मध्ये पालेंकेच्या संस्कृतीचाही गौरव केला. दगडाला मान आधी मिळाला, माणसांना एकवीस वर्षांनी. आपल्याकडचा एखादा किल्ला पाहायला जाल, तेव्हा राजाचं नाव जरूर वाचा. आणि हेही विचारा, दगड कुणी वाहिले? त्यांच्या लेकी-सुना आज कुठे आहेत?