ट्रॅफिक स्टडीचं बिल फुगवलंय का? जमीन विकासाला देणाऱ्यांनी असा लावावा हिशेब

बदलापूर : बिल्डरसोबत भागीदारीत जमीन विकासाला दिली, की 'मंजुरीचा खर्च' म्हणून अनेक बिलं जमीनमालकाच्या वाट्यालाही लागतात. त्यातलंच एक ट्रॅफिक स्टडीचं. 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जात प्रकल्पामुळे रस्त्यावर किती ताण येईल, तेही दाखवावं लागतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात उभे राहणारे मोठे गृहप्रकल्प यात येतात.

बिल चौरस फुटावर लावलं असेल तर आधी तिथेच अडवावं. इमारत दुप्पट झाली म्हणून नाक्यावर गाड्या मोजणारी माणसं दुप्पट होत नाहीत. खरा खर्च ठरतो तो किती चौक, किती तास आणि किती माणसं यावर.

समजा तीन चौक आहेत आणि सकाळी 6 ते रात्री 10 अशी एक दिवस मोजणी आहे. चौकाला चार बाजू, बाजूला एक माणूस, दोन पाळ्या. म्हणजे 24 हजेऱ्या. हजेरी 1,000 रुपये धरली तर 24 हजार. इंजिनिअरचे 10 दिवस, रोजचे 5 हजार, म्हणजे 50 हजार. नकाशे, प्रवास, छपाई 16 हजार. झाले 90 हजार. त्यावर ऑफिस खर्च आणि नफा 30 टक्के धरला तर 1 लाख 17 हजार, आणि 18 टक्के जीएसटीसह 1,38,060 रुपये. दर इथे उदाहरणापुरते घेतलेत, आपल्याकडचे चालू दर घालून बेरीज करावी. बिल याच्या तिप्पट आलं तर जास्तीचे पैसे कशाचे, ते लेखी मागावं.

फार स्वस्त बिलही धोक्याचंच. जुनी मोजणी उचलून आकडे वाढवले की काम ऑफिसात बसूनच होतं. खऱ्या मोजणीत गाड्यांचे प्रकार वेगळे लिहावे लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या हिशेबात मोटरसायकल अर्ध्या कारइतकी, ट्रक तीन कारइतका, तर मोठी बैलगाडी आठ कारइतकी धरतात! शहरी रस्त्यांचे आकडे वेगळे आहेत.

तारीखही बघावी. कल्याण-बदलापूर रस्त्यावर रविवारी मोजणी केली तर लोकल गाठणाऱ्यांची सकाळची गर्दी त्यात येणारच नाही. मग अहवालात रस्ता मोकळा दिसतो आणि कोंडी नंतर गावकऱ्यांच्या नशिबी.

म्हणून मोजणीचे मूळ तक्ते तारीख-वेळेसह मिळाल्यावरच निम्मी रक्कम द्यायची आणि एकूण खर्चाची कमाल मर्यादा किती, हे करारनाम्यात सही करण्याआधीच लिहून घ्यावं.