रणगाडा विकून उभी राहिलेली शाळा

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे नवी शाळा काढू पाहणारे लोक सल्ला विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: जागा किती लागेल? मी त्यांना व्हिला चेल्लाची हकिकत ऐकवते.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळचं हे खेडं. १९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य पळालं, ते एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे टाकून. ते विकून आलेल्या पैशांचं काय करायचं, यावर गावात खल झाला आणि लहान मुलांच्या शाळेवर एकमत झालं. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांच्या विटा, नदीची वाळू आणि रात्री-रविवारी केलेलं श्रमदान यांतून भिंती उभ्या राहिल्या. लोरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक ऐकीव बातमीवर सायकल मारत बघायला आला आणि या कामाचाच होऊन गेला.

१९६३ मध्ये रेज्जोच्या नगरपालिकेनं आपली पहिली बालशाळा सुरू केली. पुढे तिथल्या शाळांची रचनाच विचारातून घडली. सगळ्यांची गाठ पडावी म्हणून मधोमध चौक. रंग-मातीत रमायला कार्यशाळा, तिथे खास कलाशिक्षक. एका वर्गाला दोन शिक्षक. मुलं काय बोलली, त्यांनी काय केलं, ते टिपून भिंतीवर लावायचं. शाळेच्या कारभारात पालकांनाही स्थान.

तेव्हा शाळा काढणाऱ्यांनो, आर्किटेक्ट गाठण्याआधी पालक, शिक्षक, स्वयंपाकीणबाई सगळ्यांना घेऊन बसा. मूल कसं शिकतं, यावर आधी मनसोक्त वाद घाला. खोल्या किती, ते मग ठरवा.