भेगेचा पत्ता

सकाळी ६.३०
दिवसभराचा मार्ग मी उन्हावरून ठरवते. पूर्वेला तोंड असलेलं घर सकाळी, पश्चिमेचं दुपारनंतर, आणि जुन्या नाशकातल्या बोळातलं घर भर दुपारी, कारण तिथे ऊन जमिनीपर्यंत उतरतं ते तेवढ्याच वेळात. सूर्य घरामागे असताना समोरून फोटो काढला की दर्शनी भिंत काळी येते आणि तिच्यावरची भेग दिसत नाही. आजचा क्रम असा: पाथर्डी फाट्याजवळचं रो-हाऊस, मग सिडको, बाराच्या सुमाराला भद्रकालीकडचा वाडा आणि शेवटी गंगापूर रोडवरचा नवा फ्लॅट.

सप्टेंबर महिना आहे. घर तपासायला याच्याइतका चांगला महिना नाही. भिंतींनी तीन महिने पाऊस प्यायलेला असतो. उन्हाळ्यात रंगाखाली झाकलेली ओल आता पोपडे धरून बाहेर येते. घर घेणाऱ्यांनी शक्य असेल तर एकदा तरी पावसाळ्यात घर पाहावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

पिशवीत मोबाईल, छोटा स्टँड, टॉर्च, पोलादी पट्टी, भेगेची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी, ओल मोजायचं यंत्र, ओळंबा आणि मऊ कापड. कापड सगळ्यात महत्त्वाचं. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असला की सगळी भिंत धुकट येते.

सकाळी ८.१५, पाथर्डी फाटा
घर विकायला निघालं आहे, घेणारा बँकेचं कर्ज काढतो आहे. बँकेला लागणारे फोटो ठरलेले असतात: येण्याचा रस्ता, घराचं तोंड, चतुःसीमा, आतल्या खोल्या, वीजमीटर, आणि अक्षांश-रेखांश व वेळ उमटलेला, घरासमोर मी उभी असलेला एक फोटो. इथे एकाच रंगाची, एकाच आकाराची घरं ओळीने आहेत. शेजारच्या घराचे फोटो चुकून अहवालात गेले तर सगळं मूल्यांकनच दुसऱ्याच्या घराचं होईल. म्हणून सोसायटीची पाटी, मग फाटक, मग दारावरचा क्रमांक, अशी साखळी तुटू न देता फोटो घेते. मीटरचा क्रमांक वाचता आलाच पाहिजे. काचेवर चकाकी येते, म्हणून फ्लॅश बंद आणि उभं राहायचं थोडं तिरकं.

मागच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली आहे. नाशिकच्या बाहेरच्या अंगाला बरीच घरं पूर्वीच्या शेतजमिनींवर उभी आहेत. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तेवढा खोल नसेल तर ही हालचाल भिंतीत उमटते. अशीच तिरकी भेग इतर कारणांनीही पडते. कारण शोधायचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. माझं काम एवढंच की हे घर कधीही न पाहिलेल्या माणसाला फोटोंवरून ती नेमकी भेग सापडावी.

त्यासाठी तीन फोटो लागतात. पहिला खोलीच्या दारातून: खिडकी, जमीन, छत, सगळं दिसणारा. दुसरा त्या भिंतीपुरता. तिसरा जवळून, भेगेशेजारी पट्टी धरून, कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर ठेवून. भेगेपाशी क्रमांकाची कागदी चिकटपट्टी लावते, म्हणजे तिन्ही फोटो एकमेकांना धरून राहतात. नुसता जवळून काढलेला फोटो कुठल्याही घरातला असू शकतो. तो भीती घालतो, पण भेगेचा पत्ता सांगत नाही.

घरमालक दारात उभे होते. “ताई, ती भेग तेवढी सोडा ना. रंगाचं काम आहे नुसतं.”

“काका, फोटो दोन्ही बाजूंनी काढते. भेग प्लास्टरपुरतीच असेल तर पलीकडे दिसणार नाही, आणि मग हेच फोटो तुमच्या बाजूने बोलतील.”

पलीकडची भिंत कोरी होती. तिचाही फोटो घेतला. लोकांना वाटतं, तपासणी म्हणजे दोष गोळा करणं. जिथे दोष नाही तिथला फोटोही तेवढाच मोलाचा असतो, हे या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

सकाळी १०.३०, सिडको
इथे सिडकोने बांधलेलं छोटं घर आणि त्यावर गरजेप्रमाणे चढत गेलेले मजले. अशा घरात जुनं बांधकाम आणि नवं बांधकाम जिथे मिळतं तो सांधा फोटोत टिपायचा. तो समोरच्या गच्चीवरूनच नीट दिसतो. समोरच्या वहिनींची परवानगी घेतली, गच्चीवर गेले, फोटो काढला, उतरले. चहाला मात्र बसता आलं नाही. बारा वाजायच्या आत जुन्या नाशकात पोहोचायचं होतं.

दुपारी १२.००, भद्रकाली
वाडा. ओसरी, चौक, माजघर, वर लाकडी जिना. भाडेकरू आणि वाटेकरी मिळून बरीच बिऱ्हाडं. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक बांधकामांना नोटिसा देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ या भागातल्या लोकांना तोंडपाठ आहे. या वाड्यालाही नोटीस आलेली. दुरुस्ती होईल की पाडावं लागेल, हे इंजिनिअर ठरवणार. त्यांनी आधी सविस्तर फोटो मागितले आहेत.

वाड्यात घाई चालत नाही. तुळई मधे कितीही धडधाकट दिसली तरी तिचं खरं दुखणं भिंतीत रुतलेल्या टोकाशी असतं. तिथे ओल मुरते, वाळवी लागते. म्हणून प्रत्येक खणातल्या प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं घ्यायची. माजघरात अंधार. फ्लॅश मारला तर पुढचं लाकूड पांढरं पडतं आणि मागची पोकळी काळीच राहते. मोबाईल स्टँडवर लावून जास्त वेळ उजेड घेणारा फोटो काढते आणि मदतनीस मुलगा बाजूने टॉर्च धरतो. उजेड बाजूने आला की लाकडातल्या चिरा, वाळवीचे मातीचे माग, सगळं उठून दिसतं.

मागची भिंत बाहेर आल्यासारखी वाटत होती. वाटणं अहवालात लिहिता येत नाही. वरून ओळंबा सोडला, दोरी स्थिर होऊ दिली आणि भिंतीच्या कडेने, दोरी आणि भिंत दोन्ही दिसतील असा फोटो घेतला. वर, मधे आणि खाली पट्टीने अंतर मोजून तेही टिपलं. आता तो फुगवटा कुणालाही मोजून पाहता येईल.

खालच्या मजल्यावर भिंतीला पाण्याची जुनी आडवी रेघ होती. गोदावरीचं पाणी किती चढलं ते नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. घराच्या भिंतीवरची ही रेघ त्याच पाण्याची त्या घरापुरती नोंद असते. २००८ च्या पुरानंतर शहरात निळी आणि लाल पूररेषा आखली गेली. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशातली रेषा घेणाऱ्याला कागदावर कळते, पण भिंतीवरची रेघ रंगाखाली गेली की गेलीच. म्हणून जोत्यापासून टेप धरून तिचा फोटो घेतला.

एका खोलीत देवघर होतं, शेजारी कुणीतरी आजारी, झोपलेलं. तिथे मी आधी विचारते. देवांवर पडदा ओढला, अंथरुणाकडे पाठ केली आणि फक्त छताचा कोपरा घेतला. माणसांचे चेहरे, भिंतीवरच्या तसबिरी, टेबलावरची कागदपत्रं, उघडं कपाट यांतलं काहीही अहवालात जाता कामा नये. हे फोटो बँकेत, कोर्टात, अनोळखी लोकांच्या हातात फिरतात.

आजी जिन्यापाशी बसल्या होत्या. “पाडायला सांगणार का गं पोरी?”

“ते मी नाही ठरवत, आजी. पण कुठली तुळई गेली आहे आणि कुठली चांगली आहे, ते वेगवेगळं दिसेल असं काढलंय.”

मला याची काळजी मनापासून वाटते. कोसळलेल्या एका कोपऱ्याचा फोटो पुढे ठेवून अख्खा वाडा गेला असं म्हणणं फार सोपं आहे. तसंच, रंगवलेल्या ओसरीचा फोटो दाखवून सगळं ठीक म्हणणंही. दोन्हीमध्ये माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

दुपारी २.१५
डबा खाल्ला. खाता खाता सकाळचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले.

दुपारी ३.३०, गंगापूर रोड
नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, पहिलंच घर, पुढच्या आठवड्यात ताबा. काल बाथरूमची नहाणी बंद करून पाणी भरून ठेवलं होतं. चोवीस तास झाले. आधी वर पाण्याच्या पातळीचा फोटो, मग खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन बरोबर त्याखालच्या छताचा. पाइप स्लॅबमधून खाली येतो तिथे ओलसर कडं उमटलं होतं. ओल मोजायचं यंत्र टेकवून त्यावरचा आकडा फोटोत घेतला, आणि तुलनेसाठी त्याच छताच्या कोरड्या भागावरचाही.

हॉलला मोठी पश्चिमेची खिडकी. उजेडाकडे तोंड करून काढलं तर खोली अंधारी येते, म्हणून खिडकीला पाठ लावून आत पाहत काढायचं. खोली मोठी दिसावी म्हणून रुंद लेन्स वापरतात ती जाहिरातीला ठीक. तिच्यात कडेच्या भिंती कलतात, तपासणीत ते चालत नाही. फरशा लाकडी दांड्याने टकटक करून पाहिल्या. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण केली आणि सगळ्या खुणा एका फोटोत येतील असं उंचावरून घेतलं.

सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, फोटो कशाला? तोंडी सांगा, उद्या माणूस पाठवतो.” माणूस भला असेल, पण सहा महिन्यांनी तो दुसऱ्या साइटवर असेल.

संध्याकाळी ६.४५, तिथेच
मावळतीनंतर घरातले दिवे बंद केले आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. दिवसा सपाट दिसणाऱ्या प्लास्टरमधले उंचवटे, खड्डे, भिंत आणि बीम यांच्या सांध्यातली बारीक रेष, सगळ्यांच्या सावल्या पडल्या. हॉलमधली रेष बीमच्या कडेने सरळ जाते, म्हणजे ती विटा आणि काँक्रीट मिळतात तिथली असावी. बीमवरच भेग असती तर रुंदी मोजून वेगळं लिहिलं असतं. काँक्रीटसाठी आयएस ४५६:२००० साधारणपणे ०.३ मिलिमीटरची मर्यादा घालतं. आडव्या उजेडात भिंत आहे त्याहून खडबडीत दिसते, त्यामुळे हा फोटो टॉर्चचा आहे हे खाली लिहिलंच पाहिजे आणि शेजारी साध्या उजेडातलाही द्यायला हवा.

रात्री ८.३०
अहवाल. प्रत्येक फोटोखाली क्रमांक, खोली, दिशा, काय दिसतं, काय मोजलं. “भयंकर ओल” असं लिहीत नाही. कडं किती सेंटिमीटरचं ते लिहिते. फोटोचा उजेडसुद्धा नंतर वाढवत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. मूळ फाइलला एकदा हात लावला की ते मूल्य बदलतं.

त्या जोडप्याचा फोन आला. “ताई, फोटो बिल्डरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिले तर चालतील?”

चालणार नाही, म्हटलं. तिथे फोटो साधा पाठवला की दाबला जातो आणि आतली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करून द्यायचा असतो. ताबा घ्याल त्याच दिवशी पत्र द्या. पत्रात बाथरूमखालच्या छताचे आणि फरशांचे फोटो क्रमांकासह लिहा, सोबत छापील अहवाल जोडा आणि पोच म्हणून सही, शिक्का, तारीख घ्या.

“आणि दुरुस्ती झाली की?”

मला बोलवा. त्याच जागी उभी राहून तेच तीन फोटो पुन्हा काढीन, पाणीही पुन्हा चोवीस तास भरून ठेवू.