पहिल्या नजरेचा काटा

जून महिना आला की पैठण, कन्नड, सिल्लोडकडची कितीतरी मुले छत्रपती संभाजीनगरला शिकायला येतात. असा एखादा नवा मुलगा तुमच्या वर्गात शिरतो. त्याने तोंड उघडण्याआधीच तुमचे मत झालेले असते : हा हुशार दिसतो, किंवा हा बावळट दिसतो. हे मत किती लवकर बनते? आणि ते खरे किती?

प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस व अलेक्झांडर तोदोरोव्ह यांचे प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे केवळ एक दशांश सेकंद दाखवली. तेवढ्यात पाहणाऱ्यांनी ‘हा विश्वासू’, ‘हा कर्तबगार’ अशी मते दिली. वेळेचे बंधन नसताना इतरांनी दिलेल्या मतांशी ती बरीच जुळली. जास्त वेळ दिल्यावर मत फारसे बदलले नाही. खात्री मात्र वाढली!

सर्वांची मते जुळली म्हणजे ती खरी ठरली का? समजा, दुकानातला वजनकाटा रिकामा असतानाच ५० ग्रॅम दाखवतो. दहा जणांनी त्यावर एकच वस्तू तोलली, तर दहाही वजने जुळतील आणि दहाही चुकतील. माणसांचेही तसेच. बोलका स्वभाव पहिल्या भेटीत थोडाफार ओळखता येतो. प्रामाणिकपणा चेहऱ्यावरून ओळखण्यात मात्र आपण कच्चे असतो.

संत गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) उदाहरण घ्या. डोक्यावर गाडगे, अंगावर ठिगळांचे कपडे, हातात खराटा. गावात येताच ते रस्ते झाडू लागत. अनोळखी लोकांना ते भिकारी वाटत. संध्याकाळी त्यांचेच कीर्तन ऐकायला गाव लोटे. गावकऱ्यांना आपले मत पुन्हा तपासण्याची संधी मिळे. वर्गातल्या नव्या मुलाला ती मिळेलच असे नाही, कारण पहिले मत पुढच्या मतांना वळण लावते.

हे तपासायचे आहे? सॉलोमन ॲश यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वर्गात करा. निम्म्या मुलांना एका काल्पनिक माणसाचे वर्णन वाचून दाखवा : हुशार, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. उरलेल्यांना हेच शब्द उलट्या क्रमाने. मग प्रत्येकाने तो माणूस कसा वाटला ते लिहावे. ॲश यांच्या प्रयोगात चांगले गुण आधी ऐकणाऱ्यांना तोच माणूस अधिक चांगला वाटला.

प्रयोगशाळेत आपण एकदाच मोजून निष्कर्ष लिहीत नाही. नव्या मुलाशेजारी आठ दिवस बसा, त्याच्याबरोबर डबा खा, गणिते सोडवा. निष्कर्ष त्यानंतर.